एफ या अक्षरापुढचा आकडा

रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीच्या अहवालात ‘एफ’ या अक्षरापुढे जो आकडा छापलेला असतो, तो वाचण्याआधी वय विचारावे लागते. कालच जन्मलेल्या बाळाच्या अहवालात तिथे 70 टक्के असेल, तर त्यात विशेष काही नाही. तोच आकडा दोन वर्षांच्या, पांढऱ्याफटक पडलेल्या, पाणथरी वाढून पोट पुढे आलेल्या मुलाच्या अहवालात दिसला, तर डॉक्टर आईवडिलांना बसवून घेतात आणि दोघांचेही रक्त तपासायला पाठवतात. आणि एखाद्या धडधाकट तिशीतल्या माणसात तिथे 25 टक्के आढळले, तर बहुधा त्याला कसलाच उपचार लागत नाही.

एफ म्हणजे गर्भीय हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो. मोठ्या माणसात दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात, तर गर्भात बीटाच्या जागी दोन गॅमा. अल्फाची जनुके 16व्या गुणसूत्रावर असतात. बीटाच्या कुळातली सगळी 11व्या गुणसूत्रावर एका रांगेत आहेत: आधी एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा आणि शेवटी बीटा. आयुष्यात ती ज्या क्रमाने वापरली जातात, त्याच क्रमाने ती रांगेत मांडलेली आहेत. मला ही मांडणी आजही थक्क करते.

गॅमा साखळीचे काम नेमके आहे. गर्भाला फुप्फुसातून प्राणवायू मिळत नाही, तो वारेतून आईच्या रक्ताकडून घ्यावा लागतो. तांबड्या पेशीत बीपीजी नावाचा एक छोटा रेणू असतो. तो प्रौढ हिमोग्लोबिनला चिकटला की त्याची प्राणवायूवरची पकड सैल होते. बीटा साखळीत 143व्या जागी असलेले हिस्टिडिन गॅमा साखळीत नसते, तिथे सेरिन असते. त्यामुळे बीपीजी गर्भीय हिमोग्लोबिनला नीट चिकटत नाही, पकड घट्ट राहते आणि आईच्या रक्तातून प्राणवायू बाळाकडे जातो.

जन्माच्या काही आठवडे आधी हळूहळू बीटा साखळी वाढू लागते आणि गॅमा मागे पडते. जन्मावेळी साठ ते ऐंशी टक्क्यांवर असलेला आकडा वर्षभरात दोनेक टक्क्यांवर येतो आणि पुढे एका टक्क्याच्याही खाली राहतो. बाळ सातव्या महिन्यात जन्मले, म्हणजे श्वास लवकर सुरू झाला, तरी हा बदल लवकर होत नाही. तो गर्भधारणेपासूनचे आठवडे मोजून, आपल्या ठरल्या वेळीच होतो. याचा अर्थ बाहेरची हवा हा बदल घडवत नाही, तांबड्या पेशी बनवणाऱ्या मूळपेशींच्या वंशातच त्याचे वेळापत्रक असते.

या हिमोग्लोबिनचे वेगळेपण सर्वप्रथम नोंदले गेले ते 1866 मध्ये, डॉर्पाट येथे, म्हणजे आजच्या एस्टोनियातील टार्टू शहरात. कॉर्बर नावाच्या संशोधकाने आपल्या प्रबंधात लिहिले की वारेच्या रक्तातला रंग अल्कलीला सहजासहजी दाद देत नाही. मोठ्या माणसाच्या रक्तात अल्कली घातले की ते तपकिरी पडते, नवजात बाळाचे लालच राहते. पुढची जवळपास शंभर वर्षे प्रयोगशाळा याच एका गुणावर विसंबून होत्या. नवजात बाळाच्या शीत रक्त दिसले, तर ते बाळाचे स्वतःचे की जन्माच्या वेळी गिळलेले आईचे, हे आजही अशाच साध्या चाचणीने सांगता येते. मग 1957 मध्ये जर्मनीत क्लाइहाउअर, ब्राउन आणि बेटके यांनी काचपट्टीवरच्या रक्ताला आम्लाने धुण्याची पद्धत काढली. आम्लात प्रौढ हिमोग्लोबिन निघून जाते आणि पेशीचे फिकट कवच उरते. गर्भीय हिमोग्लोबिन असलेली पेशी मात्र गुलाबी भरलेली दिसते. या काचपट्टीमुळे आकड्यात लपलेली एक गोष्ट डोळ्यांना दिसली. दहा टक्के गर्भीय हिमोग्लोबिन म्हणजे प्रत्येक पेशीत दहा टक्के असेलच असे नाही. काही पेशी भरलेल्या आणि बाकीच्या रिकाम्या, असेही असू शकते. भरलेल्या पेशींना एफ-पेशी म्हणतात. पुढच्या सगळ्या गोष्टीत हा फरक लक्षात ठेवावा लागेल.

मोठेपणी गॅमा जनुक नष्ट होत नाही, फक्त गप्प केलेले असते. ते पुन्हा बोलू लागते तेव्हा बहुतेक वेळा अस्थिमज्जा संकटात असते. तांबडी पेशी तयार होताना मूळपेशीपासून अनेक विभाजने होतात आणि प्रत्येक टप्प्यावर ती थोडी प्रौढ होत जाते. सुरुवातीच्या टप्प्यातल्या पेशींमध्ये गॅमा बनवण्याची क्षमता थोडी शिल्लक असते, सावकाश वाढ झाली की ती विझते. रक्तस्राव, मज्जेचे अपयश किंवा मज्जा प्रत्यारोपणानंतरची भरपाई अशा वेळी शरीराला घाई असते. पाहुणे दाराशी येऊन उभे राहिले म्हणून आढीतला आंबा पुरता पिकण्याआधीच काढावा, तशा या पेशी मधल्या पायऱ्या गाळून बाहेर पडतात आणि गर्भावस्थेतली खूण सोबत आणतात.

म्हणूनच मूळपेशींच्या आजारांत हा आकडा वाढलेला आढळतो. झुरिकचे बालरोगतज्ज्ञ गुइडो फँकोनी यांनी 1927 मध्ये तीन भावांचे वर्णन केले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारात पेशींना डीएनएतली एक विशिष्ट प्रकारची मोडतोड दुरुस्त करता येत नाही, मूळपेशी झिजत जातात आणि मज्जा ओस पडते. या मुलांत गर्भीय हिमोग्लोबिन वाढणे आणि तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होणे ही लक्षणे कधी कधी रक्त प्रत्यक्ष कमी होण्याच्या आधीच दिसू लागतात. निदान अर्थात गुणसूत्रांच्या तपासणीने करावे लागते, पण संशय घ्यायला हा आकडा मदत करतो. डायमंड-ब्लॅकफॅन नावाचा दुसरा आजार असाच. त्यात जन्मानंतर काही महिन्यांतच तांबड्या पेशींची निर्मिती थांबते आणि गर्भीय हिमोग्लोबिन जास्त असते. त्याच्यासारखाच दिसणारा, पण आपोआप बरा होणारा एक तात्पुरता पांडुरोग लहान मुलांत होतो. त्यात मज्जा काम थांबवते त्या काळात हा आकडा सहसा वयाप्रमाणेच असतो. एकात मूल बहुधा आयुष्यभर औषधांवर किंवा रक्तावर राहणार असते, दुसऱ्यात काही आठवड्यांत खेळू लागते. मज्जा सावरताना मात्र दुसऱ्यातही आकडा थोडा वर जातो, म्हणून नमुना कधी घेतला हेही विचारावे लागते.

पण घाई हे एकच कारण नाही. लहान मुलांत होणारा जेएमएमएल नावाचा एक दुर्मीळ रक्तकर्करोग आहे. पाणथरी मोठी, मोनोसाइट या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, ताप, अंगावर पुरळ. बहुतेक मुले चार वर्षांच्या आतली, आणि मुलींपेक्षा मुलगे जास्त. या आजारात मूळपेशीतच वाढीचा संदेश देणाऱ्या मार्गात बिघाड झालेला असतो आणि त्या एका बिघडलेल्या पेशीचा वंश मज्जेत माजतो. 1968 मध्ये ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड वेदरॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका आजारी मुलाच्या रक्ताकडे बारकाईने पाहिले, तेव्हा फक्त गॅमा वाढलेली नव्हती. डेल्टा साखळीपासून बनणारे ए-टू हिमोग्लोबिन घटले होते, तांबड्या पेशीतली काही विकरे नवजात बाळाच्या पातळीवर गेली होती. रक्ताचा सगळा जामानिमाच गर्भाचा झाला होता. ही घाईत गळालेली पायरी नव्हती, वंशच गर्भावस्थेच्या कार्यक्रमावर चालत होता.

त्याचे स्पष्टीकरण अलीकडे मिळू लागले आहे. गर्भाच्या यकृतातल्या रक्तपेशींत एलआयएन-28बी नावाचे एक जनुक जागे असते आणि ते गॅमाला साथ देते. जास्त गर्भीय हिमोग्लोबिन असलेल्या जेएमएमएल रुग्णांत हे जनुक जागे सापडले. काही मुलांच्या जन्मावेळी टिपकागदावर घेतलेल्या रक्ताच्या ठिपक्यातही कर्करोगातला तोच जनुकीय बदल आढळला. म्हणजे आजाराचे बी गर्भातच पडले होते. या आजारात एफचा आकडा मोठा असणे, वय दोनपेक्षा जास्त असणे आणि प्लेटलेट फार कमी असणे ही वाईट चिन्हे मानली जातात. पण ज्या मुलांत सातवे गुणसूत्र एकच उरलेले असते, त्यांच्यात एफ बहुधा वाढलेले नसतेच. ‘आकडा साधा आहे’ एवढ्यावर निश्चिंत होणे या मुलांच्या बाबतीत घातक ठरेल.

सुरुवातीच्या त्या दोन वर्षांच्या मुलाकडे परत पाहू. आपल्याकडे पहिली शंका थॅलेसेमियाची घेतली जाते आणि ते बरोबरच आहे. बीटा साखळी बनत नसेल तर अहवालात जवळपास सगळे हिमोग्लोबिन गर्भीयच दिसते, आणि दोन्ही पालक वाहक निघतात. त्यात वाढीचे कारण आणखी वेगळे आहे. बीटा नसल्यामुळे एकट्या पडलेल्या अल्फा साखळ्या पेशीतच साचून तिला मारतात. ज्या थोड्या पेशी गॅमा बनवत असतात, त्यांच्यात अल्फाला जोडीदार मिळतो, म्हणून त्याच जगतात. रक्तात जे उरते ते वाचलेल्यांचे रक्त असते. पालक वाहक नाहीत आणि मोनोसाइट वाढलेले आहेत, तर मात्र थॅलेसेमिया सोडून पुढे बघावे लागते. आणि मुलाला आठवड्यापूर्वी रक्त चढवले असेल, तर एफच्या आकड्यात रक्तदात्याचाही हिस्सा मिसळलेला असतो. रक्त चढवण्याआधी नमुना काढून ठेवणे हा नियम किती वेळा मोडला जातो, हे या क्षेत्रातल्या कोणालाही विचारा.

आतापर्यंत हा आकडा धोक्याची घंटा होता. तोच औषध कसा झाला, ही गेल्या 75 वर्षांतली विलक्षण हकीकत आहे. 1948 मध्ये ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी सिकलसेल असलेल्या नवजात बाळांचे रक्त तपासले. विळ्यासारख्या वाकणाऱ्या पेशी त्यांत फारच कमी होत्या, आणि त्यांनी त्याचे श्रेय गर्भीय हिमोग्लोबिनला दिले. सिकल हिमोग्लोबिनच्या रेणूतच फरक आहे हे रसायनशास्त्रज्ञ पॉलिंग यांनी दाखवले ते त्याच्या पुढच्या वर्षी. कारण आता नीट कळते: प्राणवायू कमी पडला की सिकल हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब दांडे बनतात आणि पेशी वाकते. मध्ये गॅमा साखळी असलेला रेणू आला की तो त्या दांड्यात बसतच नाही, साखळी तुटते. सिकलसेलबरोबर, सुरुवातीच्या त्या तिशीतल्या माणसासारखा, जन्मजात गर्भीय हिमोग्लोबिन जास्त राहण्याचा गुण वारशाने मिळालेली माणसे जवळजवळ निरोगी जगतात, कारण त्यांच्या प्रत्येक पेशीत गॅमा असते.

गॅमाच्या या संरक्षणाचा दुसरा परिणाम रोजच्या कामाचा आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची, सिकल हिमोग्लोबिन ओळखणारी सोल्युबिलिटी चाचणी ‘निगेटिव्ह’ आली, तर त्यावर विसंबू नये. गर्भीय हिमोग्लोबिन अजून भरपूर असते आणि सिकल हिमोग्लोबिन त्यामागे लपलेले राहते. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीच करायला हवी.

भारतात सिकलसेल प्रथम सापडला तो 1952 मध्ये नीलगिरीतल्या आदिवासींत. नागपूरकडची पहिली नोंद 1958 ची, शुक्ला आणि सोळंकी यांची. पुढे ओडिशातल्या रुग्णांची जमैकातल्या रुग्णांशी तुलना झाली तेव्हा ओडिशात गर्भीय हिमोग्लोबिन बरेच जास्त आणि आजार तुलनेने सौम्य निघाला. जनुकाच्या शेजारच्या खुणा तपासल्यावर कळले की भारत आणि पूर्व अरबस्तानातला सिकलसेलचा बदल आफ्रिकेतल्या बदलाहून स्वतंत्रपणे उगवलेला आहे, आणि त्याच्याच सोबत गॅमा जनुकाला किंचित जागे ठेवणारा एक लहानसा फरकही वारशाने येतो. या निष्कर्षाचा एक वाईट परिणाम झाला. ‘भारतीय सिकलसेल सौम्य असतो’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत शिरले. विदर्भात रात्री-अपरात्री सांधे धरून कण्हणाऱ्या, वारंवार क्रायसिस, म्हणजे असह्य वेदनांचे झटके, येऊन भरती होणाऱ्या मुलांना ते लागू पडत नाही. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दक्षिण गुजरातमधले आदिवासी रुग्ण आणि नागपूरकडचे रुग्ण शेजारी ठेवून पाहिले. गर्भीय हिमोग्लोबिन दोन्हीकडे चांगले असूनही नागपूरकडच्यांचा आजार अधिक तीव्र होता. सरासरी आकडा चांगला असला तरी तो पेशींत सारखा वाटलेला नसेल, किंवा अल्फा थॅलेसेमियासारखा सोबतीचा जनुकीय घटक एका समाजात असेल आणि दुसऱ्यात नसेल, तर त्रास चुकत नाही.

मग प्रश्न पडतो: हे जनुक मुद्दाम जागे करता येईल का? शिकागोच्या डीसिमोन आणि हेलर यांनी बबून माकडांवर काम केले. त्यांचे रक्त काढून त्यांना पांडुरोगी केले की गर्भीय हिमोग्लोबिन वाढायचे. वरून 5-अझासिटिडिन हे औषध दिले की फार वाढायचे. हा अहवाल 1982 चा. त्याच वर्षी अमेरिकेत एका थॅलेसेमियाच्या रुग्णाला ते देऊन गॅमा वाढल्याचे दाखवले गेले. हे औषध डीएनएवरच्या मिथाइल खुणा पुसते, म्हणून गॅमा जागते, असा तर्क होता. काही संशोधकांनी उलट विचारले की विभाजन होणाऱ्या पेशी मारून ते फक्त मज्जेला घाई करायला लावत असेल तर? तसे असेल तर खुणा न पुसणारे, पण पेशी मारणारे दुसरे औषधही चालायला हवे. हायड्रॉक्सीयुरिया हे असे औषध होते, रक्तकर्करोगासाठी आधीपासून वापरात असलेले. माकडांत ते चालले आणि 1984 मध्ये सिकलसेलच्या रुग्णांतही. फँकोनीच्या आजारात निसर्ग जे संकटात करतो, तेच डॉक्टरांनी मोजून-मापून, थोड्या प्रमाणात मुद्दाम घडवले. हायड्रॉक्सीयुरिया पांढऱ्या पेशी कमी करून आणि त्यांचा चिकटपणा घटवून आणखी वेगळी मदतही करते.

299 प्रौढ सिकलसेल रुग्णांवरची हायड्रॉक्सीयुरियाची मोठी चाचणी 1995 मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण उत्तर मिळाले होते. औषधाऐवजी प्लासिबो घेणाऱ्यांत वर्षाला क्रायसिसचा मध्यक 4.5 होता, औषध घेणाऱ्यांत तो 2.5 होता. नागपूरमध्ये बालरोगतज्ज्ञ दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी गंभीर त्रास असलेल्या मुलांना रोज किलोला फक्त 10 मिलिग्रॅम या ठराविक कमी मात्रेत ते दिले. क्रायसिस, रक्त चढवण्याची गरज आणि भरती होणे तिन्ही घटले. पाश्चात्त्य पद्धतीत रक्त सहन करील तितकी मात्रा चढवत नेतात आणि त्यासाठी वारंवार रक्त तपासावे लागते. जिथे तालुक्याला जायलाच अर्धा दिवस जातो, तिथे कमी मात्रेचा हा पुरावा फार मोलाचा आहे.

अझासिटिडिनची गोष्टही तिथे संपली नाही. 2022 मध्ये अमेरिकेत ते जेएमएमएलच्या मुलांसाठी मंजूर झाले. ज्या औषधाने गर्भीय हिमोग्लोबिन वाढवायचा प्रयत्न झाला होता, तेच आता त्या हिमोग्लोबिनने ओळखल्या जाणाऱ्या कर्करोगावर, प्रत्यारोपणापर्यंत वेळ काढण्यासाठी दिले जाते.

गॅमाला गप्प कोण करते, याचे नेमके उत्तर मिळायला 2008 उजाडले. लंडन आणि सार्डिनिया इथे हजारो माणसांचे जनुकसंच एफच्या आकड्याशी पडताळल्यावर दुसऱ्या गुणसूत्रावरच्या बीसीएल-11ए या जनुकाकडे बोट दाखवले गेले. बॉस्टनमध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी मानवी पेशींत ते दाबून पाहिले, तर गॅमा वाढली. हे जनुक मेंदूत आणि पांढऱ्या पेशींतही लागते, त्यामुळे ते सरसकट बंद करणे शक्य नव्हते. 2013 मध्ये याच गटाला त्याच्या आतला एक छोटा पट्टा सापडला, जो फक्त तांबड्या पेशींच्या वंशात त्याला चालू ठेवतो. तो पट्टा कापला की बाकी शरीराला धक्का न लागता फक्त तांबड्या पेशींतला पहारा उठतो.

याच पट्ट्यावर कात्री चालवणारा उपचार ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबरमध्ये मंजूर केला. रुग्णाच्या स्वतःच्या मूळपेशी काढून, प्रयोगशाळेत क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राने तो पट्टा कापून, त्या परत देतात. चाचणीत वर्षभर पुरेशी देखरेख झालेल्या 30 रुग्णांपैकी 29 जणांना किमान सलग 12 महिने तीव्र क्रायसिस आला नाही. एफ 40 टक्क्यांच्या आसपास गेले, आणि महत्त्वाचे म्हणजे ते जवळजवळ प्रत्येक पेशीत पसरले. काचपट्टीवर निम्म्या कोऱ्या दिसणाऱ्या पेशी आता भरलेल्या दिसतात. पण त्याआधी बुसल्फान हे केमोथेरपीचे औषध देऊन जुनी मज्जा रिकामी करावी लागते. तोंडात फोड, काही आठवड्यांचा जंतुसंसर्गाचा धोका, वंध्यत्वाची शक्यता हे सगळे त्यासोबत येते. अमेरिकेत किंमत 22 लाख डॉलर. हा उपचार खरा आहे आणि तो थोरही आहे. पण गडचिरोली किंवा नंदुरबारमधल्या मुलासाठी तो आज उत्तर नाही, आणि त्याच्या बातम्यांनी हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूलकडे दुर्लक्ष व्हावे, हे मला मान्य नाही.

जुलै 2023 मध्ये शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची सिकलसेलसाठी तपासणी करण्याचे लक्ष्य ठेवले गेले. तपासणीत ‘एसएस’, म्हणजे दोन्ही पालकांकडून सिकलचे जनुक मिळालेल्या, निघालेल्या प्रत्येक मुलाला कार्ड मिळेल. त्या कार्डाबरोबर कॅप्सूलचा अखंड पुरवठा हवा, ठराविक अंतराने पेशीगणना करणारे चालू स्थितीतले यंत्र जवळच्या ग्रामीण रुग्णालयात हवे, आणि पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या तर औषध काही दिवस थांबवण्याचा निर्णय घेणारा माणूस तिथे हवा. या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला काही महिने लागतात. गॅमा वाढते आहे की नाही हे पाहायला आधी एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा, अशी एचपीएलसी करावी. दोन्ही अहवाल त्याच फायलीत ठेवावेत.